सहा महिन्यांची बोली

"अजून एक लिवा," श्रीमंत नावाचा मेंढपाळ म्हणाला.

शिवशरणने पेन खाली ठेवलं. विजापूर रोडवरच्या त्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये त्याला चौदा वर्षं झाली होती. गाडी विकायला आलेला माणूस स्वतःच्याच गाडीच्या खोडी समोर बसून लिहून घ्यायला लावतो, हे त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं. चार खोडी आधीच लिहून झाल्या होत्या. मागचं डावं दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही. पावसात मागच्या काचेतून पाणी झिरपतं. मंगळवेढ्याच्या नाक्यावर एकदा ट्रॅक्टरला घासली होती, तिथला पत्रा ठोकून रंगवलाय. "रंगाऱ्यानं ब्येस काम केलंय, तुमास्नी दिसायचं न्हाय, म्हणून सांगतुया." आणि चौथी, गाडीत मेंढरांचा वास आहे, तो काही केल्या जात नाही.

"मामा, हे सगळं लिहिलं की भाव पडतो," शिवशरण म्हणाला. "आमच्या लोकांना काय सापडायचं ते सापडेल. तुम्ही कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय?"

"पडू द्या की. पाचवी लिवा. तिसऱ्या गिअरला चढाला दमती. बसत न्हाय. दमती."

शिवशरणने लिहिलं, 'गिअरबॉक्स, दोष आहे.' त्या रकान्यात तेवढंच मावत होतं. शिवाय बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

आता शिवशरणचं सांगायचं तर, त्याचं सगळं आयुष्य चार प्रश्नांवर चाललं होतं. गाडी किती चालली? मालक कितवा? शेवटचं किती घेणार? आणि वॉरंटी हाय का? सोलापुरातला डॉक्टर येवो, अक्कलकोटचा दुकानदार येवो, नाहीतर करमाळ्याचा केळीवाला येवो, प्रश्न हेच. पहिल्या तिन्हींची उत्तरं बाहेरची पोरं देत. चौथा प्रश्न शिवशरणच्या टेबलावर यायचा. विकताना तो म्हणायचा, "आहे की, सहा महिने, इंजिन आणि गिअरबॉक्स." आणि गाडी बिघडून तोच माणूस परत आला की म्हणायचा, "वॉरंटीत येत नाही." क्लच येत नाही, बॅटरी येत नाही, उंदराने कुरतडलेली वायर येत नाही. घरी मुलगी जेवताना ताटात दुसरी पोळी वाढायला गेली आणि तो नको म्हणाला, की ती म्हणायची, "बाबा, वॉरंटीत येत नाही का?" तोही हसायचा. दिवसभर लोकांना नाही म्हणणाऱ्या माणसाला घरी कुणीतरी चिडवलेलं बरं असतं.

खोडी लिहून झाल्या आणि भावाची वेळ आली. कंपनीचा भाव संगणक सांगायचा, त्यात शिवशरणच्या हातात फार काही नसायचं. तो आकडा सांगणार, तेवढ्यात श्रीमंतने खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावर दोघांच्या हातांवर पसरला आणि टॉवेलाखाली शिवशरणचा पंजा धरून त्याची चार बोटं दाबली. मग अर्धं बोट दाबलं.

शिवशरण चपापला. त्याचे आजोबा गड्ड्याच्या यात्रेत बैल असेच घ्यायचे. लहानपणी त्याने ते पाहिलं होतं. माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी असायची आणि कापडाखाली बोटं बोलायची. पण कुठल्या बोटाला किती, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

"मला यातलं कळत नाही, मामा," तो ओशाळून म्हणाला आणि संगणकावरचा आकडा त्याने वाचून दाखवला.

श्रीमंतने टॉवेल झटकून परत खांद्यावर टाकला. "भाव आसा वरडून सांगत्यात व्हय? गाडीला ऐकू जातंय की," तो म्हणाला. मग क्षणभर खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या व्हॅनकडे बघून म्हणाला, "बरं. हू द्या."

सह्या झाल्या. किल्ली देताना त्याने तिच्यात अडकवलेली काळ्या लोकरीची दोरी सोडवून घेतली आणि खिशात टाकली. ती दोरी त्याच्या बायकोने, फुलाबाईने, घरच्या मेंढरांच्या लोकरीची वळली होती. "जनावर इकायचं, दावं इकायचं न्हाय. दावणीला दुसरं यायला पायजे की," तो म्हणाला. आणि दारातून परत वळून म्हणाला, "घेणारा आला की मला फोन करा, सायेब. गाडी कुणाच्या दारात जाती ती मला बघाया पायजे. बोली द्यायची हाय."

विकणारा आणि घेणारा एकमेकांना भेटत नाहीत, हा त्या धंद्याचा पहिला नियम. दोघं भेटले की घेणाऱ्याला विकणाऱ्याचा भाव कळतो. पण श्रीमंतने आठवड्यात सात वेळा फोन केला. शेवटी मॅनेजर अनिलकुमार वैतागून म्हणाला, "येऊ दे त्याला. पाडव्याला आपण एवीतेवी सगळ्यांचे फोटो काढतोच."

व्हॅन घेतली शिवलीलाने. शिवलीला म्हणजे कडक भाकरीवाली. जोडभावी पेठेत तिच्या घरामागच्या शेडमध्ये अकरा बाया चुलीवर कडक भाकऱ्या भाजतात आणि खलबत्त्यात शेंगाचटणी कुटतात. आठवड्यातून चार दिवस ती स्वतः तो माल अक्कलकोटच्या दुकानांत पोचवते. इतके दिवस भाड्याच्या टेम्पोत अर्धी कमाई जायची, म्हणून तिने साठवलेलं सगळं एकदाच या गाडीत घातलं. खोडींचा कागद तिने सावकाश वाचला. "वास काय, दोन दिवसांत भाकरीचा येईल, अण्णा," असं म्हणाली. एवढ्या खोडी सांगून विकलेली गाडी म्हणजे बाकीचं सगळं धड असणार, हा तिचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

दिवाळीच्या पाडव्याला शोरूममध्ये झेंडूच्या माळा होत्या, पेढे होते आणि नव्या मालकांची झुंबड होती. त्या गर्दीत श्रीमंत पांढरं धोतर नेसून आला. त्याने शिवलीलाला नमस्कार केला आणि व्हॅनच्या बॉनेटवर पंजा ठेवला.

"बाय, सांगितलेल्या खोडी तुमच्या. न सांगितलेली निगाली तर ती माजी. आजपासनं आखितीपतोर, सा महिनं, गाडी माज्या बोलीवर हाय. आमच्यात मेंढा इकला आन् त्यात लपलेली खोड निगाली, तर जनावराला जनावर द्यावं लागतंय. फोन करायचा, बास."

"आणि मामा, अक्षय्य तृतीयेपर्यंत काही निघालंच नाही तर?" शिवलीलाने हसत विचारलं.

"तर आखितीला तुमी म्हणायचं, बोली फिटली. तेवढं म्हणलं की मी मोकळा."

शिवशरण मागे अठरा पानी वॉरंटीचं पुस्तक हातात घेऊन उभा होता. त्याला गंमत वाटली. अठरा पानं, बारीक अक्षर, पुण्यातल्या वकिलांनी लिहिलेली. आणि इकडे हा माणूस बॉनेटवर हात ठेवून एका वाक्यात मोकळा होतो. त्या दिवशीच्या फोटोत तो हसतोय, ते याच कारणाने.

गाडी साडेचार महिने मुकाट चालली. शिमगा होऊन गेला. मार्चच्या उन्हात, अक्कलकोटहून माल टाकून परत येताना वळसंगच्या अलीकडे व्हॅनमधून दाताखाली खडा आल्यासारखा आवाज आला आणि ती जागेवर थांबली. एकही गिअर पडेना. वळसंगला शिवलीलाचा भाऊ गुरुलिंग शेती करतो. त्याने ट्रॅक्टर आणून ती ओढून नेली. मेकॅनिकने खालून बघून सांगितलं की गिअरबॉक्स आतून फुटलाय, दुसरा घालावा लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलीला शिवशरणच्या टेबलासमोर येऊन बसली. ती चिडलेली नव्हती. शिवशरणलाही बरं वाटलं, कारण या खेपेला नाही म्हणायचं नव्हतं. गिअरबॉक्स वॉरंटीत येतो, सहा महिने झालेले नाहीत, मग अडचण कसली. "होऊन जाईल, ताई," असं म्हणत त्याने फाइल काढली, पान उलटलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

'गिअरबॉक्स, दोष आहे.' अक्षर त्याचंच होतं.

पुस्तकाच्या नवव्या पानावर लिहिलं होतं, विक्रीपूर्वी नोंदवलेला कोणताही दोष वॉरंटीत येणार नाही. ते वाक्य शिवशरणला तोंडपाठ होतं. चौदा वर्षांत ते त्याने किती जणांना वाचून दाखवलं असेल, देव जाणे. तरी त्याने पुण्याला, कंपनीच्या ऑफिसात, फोन लावला. पलीकडच्या मुलीने फाइल उघडली आणि एका मिनिटात सांगितलं की येत नाही.

शिवलीला ऐकत होती. "म्हणजे मामा खोटं बोलले असते तर गिअरबॉक्स मिळाला असता," ती म्हणाली.

शिवशरणने फाइल मिटली. तिचा मोबाइल मध्येच वाजला. ती अक्कलकोटच्या दुकानदाराशी कानडीत बोलली, उद्या नाही, परवा पाठवते म्हणाली, आणि फोन ठेवला. भाड्याचा टेम्पो परत सुरू करायचा म्हणजे अकरापैकी चार बायांना घरी बसवावं लागणार होतं, आणि कुठल्या चौघी, हे तिला ठरवावं लागणार होतं. ते तिने शिवशरणला सांगितलं, रडगाणं म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मग म्हणाली, "अण्णा, मामांना तरी फोन लावा. त्यांच्याकडून काही नको मला. पण त्यांनी सांगितलं होतं, फोन करायचा."

शिवशरणने नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला बाईच्या आवाजात "व्हय" ऐकू आलं.

"श्रीमंतमामा आहेत का?"

"न्हाईत. संक्रांतीच्या आदल्या दिशी गेलं. काळजानं दगा दिला. मी फुलाबाई, त्यांची मालकीण. काय काम व्हतं?"

"काही नाही, मावशी. सहज केला होता," तो म्हणाला.

"सोलापुरातनं बोलताय न्हवं? गाडीचं हाय का?" बाईचा आवाज बदलला. "सांगा की. मी ह्यो फोन त्याच्यासाटीच चार्जिंगला लावती."

मग त्याला सांगावंच लागलं. गिअरबॉक्स गेला, एवढंच त्याने सांगितलं. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

"आखिती कदी हाय?" फुलाबाईने विचारलं.

"अजून सव्वा-दीड महिना आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शोरूमच्या फाटकात शेळ्यांचा टेम्पो थांबला. जांभळं लुगडं नेसलेली, साठीची एक बाई खाली उतरली आणि तिच्या मागून मेंढा उतरला. मेंढा कसला, कमरेएवढं जनावर. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, लोंबते कान, अंगावर पांढऱ्यात विटकरी ठिपके, आणि चाल अशी की रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा थांबवून बघायला लागला. माडग्याळी मेंढे भारी किमतीचे असतात, हे शिवशरणने ऐकलं होतं. इतक्या जवळून तो आज बघत होता.

शोरूमच्या पहिल्या रांगेत पॉलिश केलेली काळी गाडी उभी होती. तिच्या दाराच्या पत्र्यात मेंढ्याला दुसरा मेंढा दिसला. तो चार पावलं मागे सरला आणि त्याने मान खाली घातली. आतून अनिलकुमार पळत आला.

"आरं गप," फुलाबाईने दावं आखडलं. "त्यो तूच हायस."

मेंढा गप झाला. अनिलकुमार म्हणाला, "बाई, हे काय आहे? इथे जनावर आणायचं नसतं. गाड्यांना ओरखडे पडतील."

"न्हाय पडायचं. त्यो माजं ऐकतुय. शिवशरण सायेब कुटं हाईत? आन् भाकरीवाल्या बायस्नी बलवा."

शिवशरणने फोन केला, तशी अर्ध्या तासात शिवलीला स्कूटीवरून आली. तोवर त्याने फुलाबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती खुर्चीत बसली नाही. मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून उभीच राहिली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं आणि तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होती. दोन महिन्यांच्या उन्हाने ती अजून रापली नव्हती.

शिवलीला आल्यावर फुलाबाईने तिला आधी नीट बघून घेतलं. "बाय, ह्यो घ्या," ती म्हणाली आणि दाव्याचं टोक पुढे केलं. "जनावराला जनावर. गाडीला गाडी माज्यापाशी न्हाय, न्हायतर ती आणली आसती. ह्येची किंमत तुमची गाडी नीट हून वर उरंल."

शिवलीला दोन पावलं मागे सरकली. "मावशी, तुम्ही कशाला आलात? मामांनी सांगितलं होतं की गिअरचं. कागदावर आहे. सांगितलेली खोड माझी, असं तेच म्हणाले होते."

"काय सांगितलं व्हतं?"

शिवलीलाने शिवशरणकडे बघितलं. शिवशरणने फाइल आणली आणि वाचून दाखवलं. गिअरबॉक्स, दोष आहे.

"आसं न्हाय म्हणायचं त्ये," फुलाबाई म्हणाली. "दोष आहे म्हंजी काय? त्यांनी आसं मोघम कदीच न्हाय सांगितलं. मेंढी लंगडी आसली तर कुटल्या पायानं, सकाळी का सांजच्याला, त्ये सांगायचं. आठवा, सायेब. काय म्हणले व्हते?"

शिवशरणला आठवायची गरज नव्हती. गेल्या तीन दिवसांत ते वाक्य त्याच्या कानात किती वेळा वाजलं होतं, त्याचं त्याला ठाऊक. "तिसऱ्या गिअरला चढाला दमती," तो म्हणाला. "बसत न्हाय. दमती."

"हां," फुलाबाई म्हणाली. "दमती म्हणले व्हते. आता ती बसली. मंग ही खोड सांगितलेली न्हाय. म्हंजी आमची."

एवढं सरळ होतं ते. अठरा पानी पुस्तकातून सुटायच्या वाटा शोधणारी माणसं शिवशरणने रोज पाहिली होती, कंपनीची आणि गिऱ्हाइकांचीही. नवऱ्याच्या शब्दातून सुटायची उघडी वाट समोर असताना ती स्वतःच्या हाताने बुजवणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. देवळात सहसा जे वाटायचं राहून जातं, ते त्याला त्या शोरूममध्ये, एका मेंढ्यासमोर वाटलं.

तो आत गेला. फाइलमधली आपली ओळ त्याने खोडली, वर लिहिलं, 'तिसऱ्या गिअरला चढावर दमते, बंद पडत नाही,' आणि शेजारी सही केली. मग पुण्याला फोन लावला. नोंद चुकीची झाली होती, विक्रेत्याने वेगळं सांगितलं होतं, चूक माझी आहे, असं तो त्या मुलीला स्पष्ट म्हणाला. चौदा वर्षांत स्वतःची चूक कबूल करायला केलेला त्याचा हा पहिला फोन.

ती मुलगी सभ्य होती. तिने वरिष्ठांना विचारलं, पाच मिनिटं गाणं ऐकवलं आणि परत येऊन म्हणाली, "सर, नोंद करणाऱ्याची चूक वॉरंटीत येत नाही."

शिवशरण बाहेर आला. "मावशी, कंपनी नाही म्हणते," तो म्हणाला. "पण लिहिताना चूक माझी झाली. गिअरबॉक्सचं मी बघतो. तुम्ही मेंढा घेऊन घरी जा."

"कंपनीचं कंपनीपाशी," फुलाबाई शांतपणे म्हणाली. "तुमची चूक तुमी निस्तरा, सायेब, त्येला माजी ना न्हाय. पर बोली आमच्या घरची हाय. ती तुमाला कशी फेडता यील?"

शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती मेंढ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, दुसरा एखादा लहान तरी आणायचा. हा तर घरातला वाटतोय."

"घरातलाच हाय. ह्येची आई ह्येला टाकून मेली. त्यांनी बाटलीनं दूद पाजून वाडीवला. बाजंखाली निजायचा." फुलाबाईने मेंढ्याच्या कानामागे खाजवलं. "म्हणूनच आणला. बोलीत हलकं जनावर द्येत न्हाईत. मीच इकून पैसं आणलं आसतं, पर मंग किंमत मी ठरीवली आसं झालं. ज्येचं नुस्कान झालं त्येनं ठरवायची आसती. फकस्त कापाया देऊ नगा. पैदाशीचा हाय, घेणारं तुमच्या दारात येतील."

घ्यावं तरी पाप आणि न घ्यावं तरी पाप, अशी शिवलीलाची गत झाली होती. तिने शिवशरणकडे बघितलं. चौदा वर्षं लोक त्याच्याकडे असेच बघत आले होते, काय ते सांगा, म्हणून. इथे नाही म्हणणं किती सोपं आहे आणि किती वाईट आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. न घेतलेल्या मेंढ्यासकट ही बाई घरी गेली असती, तर श्रीमंत आखितीनंतरही बांधलेलाच राहिला असता.

"घ्या, ताई," तो म्हणाला.

शिवलीलाने डोळे पुसले आणि मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला. "वळसंगला भावाकडे ठेवते," ती म्हणाली. "कापायला जाणार नाही, मावशी. हा माझा शब्द."

फुलाबाईने मान हलवली. मग खाली वाकून तिने मेंढ्याच्या गळ्यातलं काळ्या लोकरीचं दावं सोडलं आणि हातावर गुंडाळायला लागली. मेंढा मोकळा झाला आणि त्या काळ्या गाडीकडे परत रोखून बघायला लागला. शिवलीलाने गडबडीने आजूबाजूला पाहिलं. जनावर घेणाऱ्याने दावं आपलं आणायचं असतं, हे तिला ठाऊक होतं, पण भाकरीवाल्या बाईजवळ दावं कुठून असणार?

शिवशरणने गळ्यातली ओळखपत्राची पट्टी काढली. निळी, रुंद, कंपनीचं नाव छापलेली. कार्ड काढून त्याने खिशात ठेवलं आणि पट्टी मेंढ्याच्या गळ्यात बांधून टोक शिवलीलाच्या हातात दिलं.

"मंग?" फुलाबाईने शिवलीलाला विचारलं. ती वाट बघत होती.

शिवलीलाने पट्टी घट्ट धरली. "बोली फिटली, मावशी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, श्रीमंतला ऐकू जावं तसं, पुन्हा म्हणाली, "मामा, बोली फिटली."

फुलाबाईने डोळे मिटले आणि उघडले. गुंडाळलेलं दावं खांद्यावर टाकलं. मग पदराच्या गाठीतून तिने एक छोटा मोबाइल काढला, बटणांचा, कडेला पांढरा दोरा गुंडाळलेला, आणि तो शिवशरणपुढे धरला.

"सायेब, ह्यो आता बंद करून द्या. त्यांनी दवाखान्यात सांगितलं व्हतं, आखितीपतोर ह्यो बंद पडू द्यायचा न्हाय. चार्जिंग कसं लावायचं, उचलायचा कसा, समदं शिकीवलं. बंद कसा करायचा त्येवडं न्हाय शिकीवलं."

शिवशरणने फोन हातात घेतला. आलेल्या फोनांच्या यादीत संक्रांतीनंतरचा एकच नंबर होता, त्याच्या टेबलावरचा. तेव्हापासून त्या फोनवर दुसरं कुणी बोललं नव्हतं. त्याने लाल बटण दाबून धरलं. पडदा एकदा उजळला आणि काळा झाला.

फुलाबाईने फोन परत पदरात बांधला. "येती," ती म्हणाली आणि फाटकाकडे निघाली. मेंढा मागून एकदा ओरडला. तिची पावलं अडखळली नाहीत आणि तिने मागे वळूनही बघितलं नाही. रस्ता ओलांडून ती बसच्या थांब्यावर इतर बायकांमध्ये जाऊन उभी राहिली आणि बस येईपर्यंत खांद्यावरचं दावं उलगडून परत नीट गुंडाळत राहिली.